नस सापडली, राव! नेवासा फाट्यावरून थेट नसांच्या दुनियेत

ज्ञानेश्वरीच्या पारायणाला मांडी घालून बसलात. दोन अध्याय झाले. उठायला गेलात आणि डावा पाय गायब! दिसतोय जागेवर, पण जमीन काही लागेना. आणि मग मुंग्या. नुसत्या मुंग्या!

नेवाशात हा अनुभव नवा नाही. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत सांगितली, तो पैस खांब इथलाच. ओव्या नऊ हजारांच्या घरात आणि लिहून घेणारे सच्चिदानंद बाबा. केवढी ती बैठक!

पण माहीत आहे का, पायाला मुंग्या नेमक्या कशाने येतात? मांडीत नस दाबली जाते, तिचा रक्तपुरवठा मंदावतो आणि ती गप्प बसते. दाब सुटला की ती जागी होते आणि सुरुवातीला वाट्टेल तसे सिग्नल सोडत सुटते. तो गोंधळ म्हणजे आपल्या मुंग्या. पाच-दहा मिनिटांत सगळं ओके.

दोन दिवस झाले तरी पाऊल उचलत नसेल, तर मात्र थांबू नका. डॉक्टर गाठा आणि फिजिओथेरपिस्टसुद्धा. का? तेच तर आज सांगायचंय. चला, सुटू या!

432 चा स्पीड!

मेंदूतून 12 जोड्या आणि मणक्यातून 31 जोड्या. एवढ्या नसा बाहेर पडतात आणि पार नखापर्यंत पोचतात. सगळ्यात दांडगी सायटिक नस. कुल्ल्यामागे ती जवळजवळ बोटाएवढी जाड असते. होय, बोटाएवढी!

वेग? सर्वात फास्ट तंतू सेकंदाला 120 मीटरपर्यंत सिग्नल नेतात. म्हणजे ताशी 432 किलोमीटर. नेवासा ते नगर हे साधारण 60 किलोमीटर अंतर साडेआठ मिनिटांच्या आत खलास. टोल, ट्रॅफिक, ट्रॉल्या, काही आडवं येत नाही.

आणि स्लो तंतू? सेकंदाला जेमतेम मीटरभर. ताशी साडेतीन किलोमीटर, म्हणजे वारीतल्या दिंडीची चाल.

माहीत आहे का, म्हणून उंबऱ्याला अंगठा ठेचला की दुखणं दोनदा येतं? आधी फास्ट तंतूंची झणझणीत कळ. मग सेकंद-दीड सेकंदाने ती ठणठणणारी दुसरी. पुढच्या वेळी ठेच लागली की मोजून बघा. (मुद्दाम ठेचू नका, प्लीज.)

हा वेग पहिल्यांदा मोजला हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी, 1850 मध्ये, बेडकाच्या पायावर. आकडा आला सेकंदाला सुमारे 27 मीटर. गंमत म्हणजे त्यांचे गुरू योहान्नेस म्युलर यांना वाटायचं, हा वेग मोजणं माणसाच्या आवाक्यातलं नाही. शिष्याने गुरूला वेगाने मागे टाकलं!

थंडीत नसासुद्धा कुडकुडतात बरं का. हाताचं तापमान 1 अंशाने उतरलं की सिग्नलचा वेग सेकंदाला सुमारे 2 मीटरने पडतो. त्यामुळे नसांची टेस्ट, म्हणजे एनसीव्ही, करण्याआधी गार हात चक्क ऊबेला ठेवतात. नाहीतर धडधाकट माणूस रिपोर्टमध्ये पेशंट दिसायचा.

आणि रिपेअरचा स्पीड?

इथे गाडी एकदम पहिल्या गिअरवर येते.

तुटलेली किंवा चिरडलेली नस पुन्हा वाढते, हे माहीत आहे का? मेंदू आणि मणक्यातल्या मज्जारज्जूला जे जमत नाही, ते हातापायाच्या नसांना जमतं. कारण त्यांच्याभोवतीच्या श्वान पेशी. नस तुटली की त्या जुना कचरा साफ करतात आणि नव्या अंकुराला वाट करून देतात. (हे थिओडोर श्वान भलतेच हरहुन्नरी. पोटातलं पेप्सिनही त्यांनीच 1836 मध्ये शोधलं.)

पण वेग किती? दिवसाला साधारण 1 मिलिमीटर. फक्त एक! महिन्याला जेमतेम इंच.

आता कागद-पेन्सिल घ्या. कोपरापाशी नस तुटली. तिथून तळहाताच्या स्नायूंपर्यंत 30 सेंटीमीटर धरा. झाले 300 मिलिमीटर, म्हणजे 300 दिवस, म्हणजे दहा महिने. जखम खांद्यापाशी असेल तर 700 मिलिमीटर. जवळपास दोन वर्षं!

आणि इथेच खरी शर्यत लागते. कारण नसेची वाट बघणारा स्नायू कायम वाट बघत बसत नाही. तो बारीक होतो, आत चिवट तंतू धरू लागतो आणि दीडएक वर्ष उलटलं की नस आली तरी त्याला उठवणं मुश्कील. एकीकडे मिलिमीटर, दुसरीकडे कॅलेंडर.

मग या काळात फिजिओथेरपिस्ट काय करतो? नस खेचून लवकर आणतो का? नाही. तो घर राखतो. सांधे रोज पूर्ण फिरवून घेतो, कारण नस दहा महिन्यांनी पोचली आणि बोटं तोवर आखडलेली असली, तर तिच्या येण्याचा उपयोग काय? लोंबकळणाऱ्या मनगटाला स्प्लिंट देतो. बधिर कातडीवर चटका, फोड, काटा आहे का, हे रोज बघायला शिकवतो. आणि पेशंटचा धीर टिकवतो. हे शेवटचं काम कुठल्याही मशीनला येत नाही, आणि माझ्या मते निम्मी फिजिओथेरपी तीच आहे.

‘बघू, होईल आपोआप’ म्हणत घालवलेले पहिले तीन महिने सर्वात महाग पडतात. बोटं नेमकी तेव्हाच आखडायला लागतात.

आणि दणादण चोळणं? तेल लावून कितीही रगडलं तरी नस दिवसाला दोन मिलिमीटर वाढत नाही. हलक्या हाताचं मालिश कातडीला छान. जोराचं मालिश बधिर भागाला धोक्याचं.

टिचकी मारा, नस शोधा

नस कुठवर आली हे बाहेरून कसं कळणार? टिचकी मारून! नसेच्या वाटेवर बोटाने हलकं ठोकत जायचं. जिथे झिणझिण्या येतील, तिथवर नवे अंकुर पोचलेत. पुढच्या महिन्यात तो पॉइंट इंचभर पुढे सरकलेला सापडला की पेशंटचा चेहरा बघावा!

माहीत आहे का, ही टिचकी कुणाची? 1915 साल. पहिलं महायुद्ध पेटलेलं. जर्मनीचे पॉल हॉफमन आणि फ्रान्सचे जूल तिनेल. दोघे एकमेकांच्या शत्रुदेशांतले. दोघांनी आपापल्या जखमी सैनिकांवर ही खूण टिपली आणि त्याच वर्षी वेगवेगळी छापली. खंदकाच्या दोन्ही बाजूंना एकच टिचकी! जगभर आज नाव चालतं ते बहुधा तिनेल यांचं.

घोडेगावचा कांदा आणि परदेशातली स्ट्रॉबेरी

नेवासा तालुक्यातलं घोडेगाव म्हटलं की डोळ्यांसमोर कांदा मार्केट. पण कांदा मार्केटला येण्याआधी तो लावावा लागतो, खुरपावा लागतो, काढावा लागतो. आणि हे सगळं उकिडवं बसून. बहुतेक वेळा बायकाच.

आता गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली हात लावा. हाडाचा एक गोटा लागेल. त्याला वळसा घालून एक नस जाते, कातडीच्या अगदी खाली. पाऊल वर उचलायचं काम तिचं. तासन् तास उकिडवं बसलं की ती चिमटते. उठल्यावर पाऊल लोंबतं, चप्पल पायातून निसटते, अंगठा जमिनीला घासतो. याला फूट ड्रॉप म्हणतात.

इंग्रजी वैद्यकात या दुखण्याचं एक नाव आहे ‘स्ट्रॉबेरी पिकर्स पाल्सी’. तिकडे स्ट्रॉबेरी तोडणाऱ्यांना झालं म्हणून! फळ बदललं, नस तीच. कांदा लावणाऱ्या बाईच्या नावाने कुणी दुखणं छापलं नाही, एवढाच काय तो फरक. छापायला हवं होतं.

उपाय काय? एकाच बैठकीत सगळी सरी संपवायची नाही. मधेच उभं राहायचं, चार पावलं चालायचं, गुडघा टेकून बसायचं, पुन्हा उकिडवं. मुंग्या आल्या की तीच सुट्टीची घंटा. आणि पाऊल पडलंच, तर पायात बसणारा हलका सपोर्ट घालून चालायचं, घोट्याचा सांधा रोज वर ओढून सैल ठेवायचा. अशी नुसती दबलेली नस बहुतेक वेळा काही आठवड्यांत, काही महिन्यांत परत कामाला लागते.

हीच नस आणखी कशाने दबते, माहीत आहे का? घट्ट बसलेल्या प्लास्टरने. पायावर पाय टाकून बसायच्या सवयीने. आणि, धरा कान, फटाफट वजन उतरवल्याने! गोट्याभोवतीची चरबीची गादी जाते आणि नस उघडी पडते. क्रॅश डाएटवाल्यांनो, जरा दमानं.

धार काढा, पण मनगट सांभाळा

आपल्या नगर जिल्ह्यात दूध म्हणजे हातात येणारा रोख पैसा. पण हाताने धार काढणाऱ्यांचं मनगट काय म्हणतं?

मनगटात एक अरुंद बोगदा आहे. त्यातून 9 स्नायुरज्जू जातात आणि सोबत 1 नस. नऊ जणांच्या गर्दीत एकटी! मूठ आवळ-सोड आवळ-सोड करून रज्जू सुजले की मार तिला बसतो. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर. रात्री दोनला जाग येते आणि माणूस हात झटकत बसतो. हे हात झटकणं इतकं ठरलेलं आहे की डॉक्टर त्यावरूनच अर्धं निदान करतात. याला कार्पल टनल सिंड्रोम म्हणतात. गरोदरपणातही अंगावर सूज येते आणि हा त्रास डोकं वर काढतो. बाळंतपणानंतर तो बहुतेकींचा निघून जातो.

सर्वात स्वस्त औषध? रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट.

आणि अनामिकेची मजा माहीत आहे का? तिचं अर्धं बोट एका नसेचं, अर्धं दुसऱ्या नसेचं! अंगठ्याकडची बाजू बधिर असेल तर मनगटातल्या नसेवर संशय. करंगळीकडची असेल तर कोपरातल्या. फोन तासभर कानाला लावून बसता ना? कोपर दुमडलेलं राहतं, तिथली नस ताणते आणि करंगळी झिणझिणते. स्पीकर ऑन करा!

एसटीच्या रात्रीच्या प्रवासात समोरच्या सीटच्या दांड्यावर दंड टाकून झोपलात? दंडामागची नस दबून सकाळी मनगट लुळं! खुर्चीच्या पाठीवर हात टाकून दारूच्या नशेत झोपणाऱ्यांमुळे जगाने याला ‘सॅटर्डे नाइट पाल्सी’ म्हटलं. एसटीला मात्र सातही वार सारखेच.

शिंगणापूरचं दार आणि नसेचं दार

नेवासा तालुक्याचा जगप्रसिद्ध रेकॉर्ड कोणता? शनिशिंगणापूर! परंपरेने घरांना दारं नाहीत.

नसेचं मात्र उलट. तिच्याभोवती पक्कं दार आहे. रक्तातलं वाट्टेल ते आत शिरू नये म्हणून पेशींचे थर एकमेकांना घट्ट चिकटून पहारा देतात. पण कधीकधी आपलेच शिपाई घर फोडतात.

आठवतो जानेवारी 2025? पुण्यात सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी. अचानक माणसांचे पाय लुळे पडू लागले. गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस. एरवी लाखात एखाद-दुसऱ्याला होणारा आजार आणि एका परिसरात रुग्णांचा आकडा 200 च्या पुढे! तपासात पुढे आलं दूषित पाणी आणि काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी नावाचा जिवाणू.

पोटातल्या जंतूचा पायातल्या नसेशी काय संबंध? भन्नाट संबंध! या जंतूच्या अंगावरची साखर आणि आपल्या नसेच्या आवरणावरची साखर दिसायला सारखी. शरीर जंतूवर बाण सोडतं आणि ते लागतात नसेला.

इथे पहिला मान हॉस्पिटलचा, हे ठळक अक्षरात वाचा. दोन्ही पायांतली ताकद काही तासांत, काही दिवसांत उतरत वर सरकू लागली की घरगुती व्यायाम वगैरे काही नाही, थेट दवाखाना. श्वासाचे स्नायूही त्याच रांगेत असतात.

पण फिजिओथेरपिस्ट कधी येतो, माहीत आहे का? डिस्चार्जनंतर? छे, आयसीयूत! पेशंट व्हेंटिलेटरवर असतानाच छातीतला कफ मोकळा करणं, कूस बदलणं, सांधे हलते ठेवणं सुरू होतं. पुढे बसणं, उभं राहणं, पहिलं पाऊल. यात एक उलटा नियम: जास्त घाम गाळायचा नाही. दमलेल्या नसा-स्नायूंना ताणलं तर ताकद उलट घटते. थोडं करा, थांबा, पुन्हा थोडं. सुमारे 80 टक्के रुग्ण सहा महिन्यांत आधाराशिवाय चालू लागतात!

नावाची गोष्ट राहिली. 1916 मध्ये दोन फ्रेंच सैनिकांवर लिहिणारे डॉक्टर तिघे होते: गियाँ, बारे आणि आंद्रे स्त्रोल. विजेच्या नोंदी घेतल्या स्त्रोल यांनी. नावातून गळाले तेच!

आणि पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले रूझवेल्ट? 1921 मध्ये, वयाच्या 39 व्या वर्षी त्यांचे पाय गेले. पोलिओ म्हणून. 2003 मध्ये काही संशोधकांनी लक्षणं पुन्हा तपासली आणि म्हणाले, जीबीएस असण्याची शक्यता जास्त!

कुष्ठरोग आणि महाराष्ट्र

हातापायाच्या नसांचा जुना शत्रू कोण? कुष्ठरोगाचा जिवाणू. हॅन्सेन यांनी 1873 मध्ये तो पाहिला. त्याला गारवा आवडतो, म्हणून तो कातडीलगतच्या नसा गाठतो: कोपर, गुडघ्याची बाजू, चेहरा. खवल्यांचा आर्माडिलो हा अमेरिकेतला प्राणी अंगाने थंड, म्हणून त्यालाही हा रोग होतो. काय एकेक!

बोटं झडतात ती जंतूने खाल्ली म्हणून नाही. नस बधिर झाली, चटका कळला नाही, जखम चिघळली, पुन्हा लागलं, पुन्हा चिघळली. मधल्या प्रत्येक पायरीवर हे थांबवता येतं. औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे, आणि हातापायांची निगा राखायला पाणी, तेल आणि रोजची नजर पुरते.

या लढाईत महाराष्ट्र फ्रंटला! वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी 1936 मध्ये काम मांडलं. सेवाग्राममध्ये कुष्ठरोग झालेल्या संस्कृत पंडित परचुरे शास्त्रींना गांधीजी स्वतःच्या हाताने मालिश करत, तेही लोक सावलीला उभे राहत नव्हते त्या काळात. वरोऱ्याला 1951 मध्ये बाबा आमटे-साधनाताईंचं आनंदवन उभं राहू लागलं. मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलात डॉ. नोशीर अंतियांनी वाकड्या बोटांवर, बसलेल्या नाकांवर शस्त्रक्रिया केल्या.

आणि डॉ. पॉल ब्रँड! जन्म 1914, तामिळनाडूच्या कोल्ली टेकड्यांत. वेल्लोरला त्यांनी पंजा झालेली बोटं सरळ करायच्या शस्त्रक्रिया उभ्या केल्या. आयडिया कमाल: जो स्नायू चालू आहे, त्याचा रज्जू उचलायचा आणि बंद पडलेल्याच्या जागी जोडायचा.

आता खरा प्रश्न. पाऊल आत वळवणारा स्नायू पाऊल वर उचलायला लावला. पण मेंदूला कोण सांगणार? फिजिओथेरपिस्ट! प्लास्टर निघालं की तो म्हणतो, ‘पाऊल आत वळवा’. आणि पाऊल वर येतं! शेकडो वेळा. हळूहळू मेंदू जुना पत्ता विसरतो आणि नुसतं ‘वर’ म्हटलं की पाऊल वर.

याच्याही पुढची गोष्ट ऐका. मोटरसायकलवरून पडून खांद्याच्या नसा मुळातून उपटल्या गेल्या, तर सर्जन बरगड्यांमधली श्वासाची नस दंडाला जोडतात. मग पेशंट कोपर कसं दुमडतो, माहीत आहे का? दीर्घ श्वास घेऊन! फिजिओथेरपिस्ट ‘श्वास घ्या’ म्हणतो आणि हात वर येतो. काही महिन्यांनी श्वास न घेताही जमू लागतं. मला विचाराल तर सगळ्या फिजिओथेरपीतला हा नंबर वन सीन.

केसाने तपासणी!

1890 च्या दशकात मॅक्स फॉन फ्राय यांनी कातडीचा स्पर्श मोजला केसांनी. माणसाचे केस, घोड्याचे केस, वेगवेगळ्या जाडीचे. आज त्याच जागी नायलॉनचा तंतू आहे. तो 10 ग्रॅम दाबाला वाकतो. तळपायाला टेकवला आणि कळलं नाही, तर पायाची संरक्षक संवेदना गेली समजा. डायबेटिस असेल तर वर्षातून एकदा तरी ही टेस्ट हवी. लागतात फक्त दोन-चार मिनिटं.

कारण बधिर तळपाय चटका सांगत नाही. उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालणं, दुखतं म्हणून गरम पाण्याची पिशवी, शेकोटीला लावलेले पाय. रात्री मोजे काढल्यावर फोड दिसतो तेव्हा कळतं. शिंगणापूरला जायचं तर पहाटे जा, आणि घरी आल्यावर आरशात तळपाय बघा.

वीज अंगात

रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस डोकेदुखीवर काय द्यायचा? जिवंत विजेचा मासा! पहिल्या शतकातलं टेन्स मशीनच म्हणा, म्हणजे विजेच्या हलक्या झटक्यांनी दुखणं कमी करणारं!

टेन्समागचं शास्त्र आलं 1965 मध्ये, रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांच्याकडून. स्पर्शाचे फास्ट सिग्नल मणक्यात पोचले की दुखण्याच्या स्लो सिग्नलची वाट अडते. म्हणून लागल्यावर आई चोळते आणि रडं थांबतं. आईला हे 1965 च्या आधीच माहीत होतं.

आणि फिजिओच्या क्लिनिकमधलं ते टकटक करणारं मशीन? नस जिवंत असलेला स्नायू हजारांश सेकंदाच्या झटक्यालाही उडी मारतो. नस तुटलेला स्नायू मात्र त्याच्या शंभरपट लांब झटका मिळाल्याशिवाय हलत नाही. म्हणजे मशीन नुसतं उपचार करत नाही, चुगलीही करतं! नुसतं मशीन लावून घरी येऊन झोपायचं, हे मात्र चालणार नाही. व्यायामाला पर्याय नाही.

0 ते 5, मार्क किती?

स्नायूंची परीक्षा असते. 0 म्हणजे काहीच नाही. 1 म्हणजे नुसती फडफड. 2 म्हणजे आडवं सरकतो. 3 म्हणजे पृथ्वीच्या ओढीला हरवतो. 4 म्हणजे थोडा विरोधही झेलतो. 5 म्हणजे फुल मार्क. हे गुणपत्रक ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने 1943 मध्ये, युद्धातल्या नसांच्या जखमांसाठी छापलं आणि जगभर पसरलं.

1 वरून 2 वर जायला काय लागतं, माहीत आहे का? गुळगुळीत फळी आणि पावडर! हात त्यावर ठेवून सरकवायचा. घरी कॅरम बोर्ड असेल तर आणखी मस्त. सोंगट्या बाजूला, हात मधे.

धागा-धागा

नेवाशाच्या मातीत पुरातत्त्वज्ञ डॉ. ह. धी. सांकलियांच्या टीमने 1954 पासून खोदकाम केलं. तीन हजारांहून अधिक वर्षं जुन्या वस्तीत तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली आणि त्या माळेत सूत-रेशमाचा धागा शिल्लक होता! आज तुटलेली नस शिवायला जो नायलॉनचा धागा वापरतात, तो केसाहूनही बारीक. मायक्रोस्कोपशिवाय नीट दिसतही नाही.

बायका, शाळा आणि एक जिराफ

जन्माच्या वेळी बाळाच्या हाताच्या खालच्या नसा ओढल्या गेल्या तर जो लुळेपणा येतो, त्याला नाव आहे क्लुम्पके. या क्लुम्पके बाई! ऑगुस्ता देजरीन-क्लुम्पके यांनी 1885 मध्ये, अजून शिकत असतानाच, त्यावर लिहिलं. पुढच्या वर्षी पॅरिसच्या हॉस्पिटलांमधल्या त्या पहिल्या महिला इंटर्न झाल्या.

देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा? आपल्याच मुंबईत, केईएम हॉस्पिटलात, 1953. पोलिओने ती गरज निर्माण केली होती. आणि आता ज्या प्रवरेकाठी नेवासं वसलंय, त्याच प्रवरेच्या वरच्या अंगाला लोणीत फिजिओथेरपीचं कॉलेज आहे. दुसरं नगरजवळ विळद घाटात. मुंबईला जायची गरज संपली.

जिराफ? त्याच्या स्वरयंत्राची नस मेंदूतून निघते, छातीपर्यंत खाली येते, वळसा घालते आणि पुन्हा मानेत वर जाते. जवळपास साडेचार मीटरचा फेरा! दिवसाला मिलिमीटर हिशोबाने ती तुटली तर... करा गणित.

स्वतःचीच नस कापून घेणारा डॉक्टर

25 एप्रिल 1903. लंडनचे न्यूरॉलॉजिस्ट हेन्री हेड यांनी आपल्या डाव्या हाताची कातडीची नस सर्जनकडून कापून घेतली. मुद्दाम! पेशंटना नीट सांगता येत नाही, मग आपणच बघू. नंतरची चार वर्षं ते केंब्रिजला मित्र डॉ. रिव्हर्स यांच्याकडे जात, डोळे मिटून बसत आणि रिव्हर्स कापूस, टाचणी, गरम-गार नळ्या लावून विचारत: काय कळलं? आधी कळ परतली, मग ऊन-गार, आणि हलका स्पर्श सगळ्यात शेवटी.

नस पोचल्यावरसुद्धा मेंदूला स्पर्श नव्याने शिकावा लागतो. तार जुळली तरी ‘हे काय आहे’ हे त्याला सांगता येत नाही. त्यासाठी फिजिओथेरपिस्ट देतो तो खेळ घरीही होतो. चार वाट्या घ्या: ज्वारी, तांदूळ, कापूस, वाळू. आधी बघून हात घाला, मग डोळे मिटून. चुकलं तर डोळे उघडा, पुन्हा मिटा. दिवसातून तीन-चार वेळा, पाच-दहा मिनिटं. कापूस-वाळू ओळखता आली की लेव्हल टू: ज्वारीच्या वाटीत बटण, किल्ली, खडू लपवा. लेव्हल थ्री: खिशात एक रुपया, दोन रुपये आणि पाच रुपये टाका आणि न बघता मागेल ते नाणं काढा. नातवंडांना पंच नेमा, त्यांना फार आवडतं. बरोबर निघालेलं नाणं ज्याने काढलं त्याचं!